जुनं पिस्तूल घेताना

पुणे

चिरंजीव,



ईस्ट इंडिया कंपनीच्या घोडेस्वारांची ठासणीची पिस्तुलं जमवायचं तू मनावर घेतलंस, हे वाचून आनंद झाला. १८०३ साली असईच्या रणात शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेल्यांत कंपनीचे मद्रासी रिसालेही होते. हा इतिहास आपलाही आहे.

विकणारा काहीही सांगो, पिस्तूल रिकामं आहे असं धरून चालू नकोस. बारीक लाकडी काठी नळीत तळापर्यंत घाल, नळीच्या तोंडाशी काठीवर खूण कर आणि काठी बाहेरून नळीला लावून बघ. टोक बत्तीच्या छिद्रापर्यंत पोचलं नाही, तर आत काहीतरी ठासलेलं आहे. मग ते जाणकाराच्याच हाती द्यायचं.

चकाकीला भुलू नकोस. घोड्याच्या बाजूच्या लोखंडी पट्टीवर बहुधा कंपनीचा सिंह असतो, मागच्या पायांवर उभा, पंजात मुकुट धरलेला. पट्टी लख्ख आणि सिंह मात्र पुसट, तर ती कुणीतरी घासली आहे. १८४०च्या सुमारास गारगोटीच्या ठिणगीवर चालणारी अनेक पिस्तुलं टोपीची, म्हणजे स्फोटक टोपीवर बार उडणारी, करून घेण्यात आली. आता जास्त भाव यावा म्हणून काहींना पुन्हा गारगोटीचा घोडा बसवतात. बत्तीच्या छिद्राजवळचे जोड नि बुजवलेली भोकं भिंगाखाली बघ. स्वाराच्या हातून पडू नये म्हणून नळीच्या तोंडाशी अडकवलेला ठासायचा गज मूळचा आहे का, तेही तपास. ‘हे असईला होतं’ असं कुणी म्हणालं, तर कागद माग. कागद नसेल, तर त्या गोष्टीचे पैसे देऊ नकोस.

घरी आणल्यावर पॉलिश नको. लोखंडावरची तपकिरी छटा काळाने चढवलेली असते. एकदा गेली की परत येत नाही. सुती हातमोजे घाल, लोखंडाला पातळ तेलाचा हात दे. उगाच घोडा चढवून चाप ओढू नकोस. जुनी कमान तुटते.

अशी पिस्तुलं नुसती संग्रहात ठेवायला तिकडे इंग्लंडमध्ये परवाना लागत नाही, पण बार काढायचा तर लागतो. हा फरक कधी विसरू नकोस.

पहिली खरेदी करण्याआधी लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात अस्सल नमुने डोळे भरून बघ. घेतलेल्या प्रत्येक पिस्तुलाच्या खुणा, दुरुस्त्या आणि आधीचा मालक वहीत टिपून ठेव. तुझ्यानंतर ते ज्याच्या हाती जाईल, त्याला ही वही पिस्तुलाइतकीच मोलाची वाटेल.

तुझा,
काका