विजेचा फोटो

वैशाख महिना होता. मालवणात उकाडा फार झाला होता. दुपार टळली, तसे पूर्वेला घाटावर ढग चढू लागले. आधी कापसाच्या ढिगासारखे पांढरे, मग खालून काळेकुट्ट. वळीव येणार, हे लहान पोरानेही सांगितले असते.

गावात एक फोटोवाला होता. लग्नामुंजींचे फोटो काढून तो पोट भरी. विजेचा एक तरी चांगला फोटो काढावा, ही त्याची फार दिवसांची हौस. त्याने कॅमेरा आणि तिवई घेतली. भाच्याला मोटारसायकलवर मागे बसवले आणि ढगाच्या दिशेने निघाला. दोघे सड्यावर पोचले. सडा म्हणजे उघडा कातळ. तिथे उंच असे एकच काजूचे झाड.

भाचा शाळेत जाणारा. वीज चमकली की तो सेकंद मोजू लागे. पहिल्या खेपेला तीस झाले, तेव्हा गडगडाट ऐकू आला. मग अठरा झाले. मग नऊच.

“मामानू, नऊ झाले! चला, घराकडे जावया.”

“थांब मरे. येक तरी फोटो काढूंदे.”

“फोटो परत गावतलो. जीव गावचो नाय.”

मामाने ढगाकडे पाहिले, मग भाच्याकडे पाहिले. मुकाट्याने तिवई आवरली. उतार उतरून दोघे पहिल्या पक्क्या घरात शिरले. थोड्याच वेळात कानठळ्या बसल्या. दुसऱ्या दिवशी पाहतात तो काय! काजूचे झाड शेंड्यापासून बुंध्यापर्यंत चिरलेले.

भाच्याने काय मोजले?

विजेचा उजेड आणि आवाज एकाच वेळी निघतात. उजेड क्षणात पोचतो. आवाज मागून येतो. एक किलोमीटर यायला त्याला सुमारे ३ सेकंद लागतात. म्हणून मोजलेल्या सेकंदांना ३ ने भागा. तीस सेकंद, तर वीज १० किलोमीटरवर. नऊ सेकंद, तर ३ किलोमीटरवर.

तीन किलोमीटर म्हणजे पुष्कळ लांब, असे समजू नका. एक वीज इथे पडली, तर पुढची १० किलोमीटर पलीकडेही पडू शकते. म्हणजे मामा-भाच्याने तीस मोजले, तेव्हाच परतायला हवे होते. ते वाचले, पण थोडक्यात.

वीज येते कुठून?

समुद्रावरचा दमट वारा सह्याद्रीला अडतो आणि वर चढतो. उन्हाने तापलेली हवाही वर जाते. तिचे उंच ढग होतात. ढगात वरच्या थंडीत बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर आपटतात. त्यातून वीज साठते. फार साठली की ती उडी घेते. तिच्या वाटेतली हवा सूर्याच्या पृष्ठभागाहूनही जास्त तापते आणि एकदम फुगते. तोच गडगडाट.

जमिनीवर येताना वीज बहुधा उंच वस्तू गाठते. सड्यावरचे एकटे झाड, माड, उघड्या शेतातला माणूस, समुद्रातली होडी. पायाळू माणसावर वीज पडते, असे लोक म्हणतात. ते खरे नाही. वीज कोणाचा जन्म कसा झाला ते पाहत नाही.

विजेमागे लागलेली माणसे

ही हौस आजची नाही. रशियात सेंट पीटर्सबर्ग शहरात रिखमान नावाचे पंडित होते. १७५३ साली ढगांचा गडगडाट ऐकून ते सभा सोडून घरी धावले. छपरावरच्या लोखंडी सळईतून येणारी वीज त्यांना मोजायची होती. सळईतून वीज आली आणि ते जागीच गेले. एवढे शिकलेले, पण विजेच्या फार जवळ गेले.

अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात विल्यम जेनिंग्ज यांनी १८८२ साली विजेचा फोटो काढला. विजेच्या पहिल्या काही फोटोंपैकी तो एक. जुन्या चित्रांत वीज करवतीच्या दात्यांसारखी काढत. फोटोत दिसले, की तिला झाडाच्या मुळांसारखे फाटे फुटतात.

मामाचा फोटो

त्याच रात्री वादळ समुद्रावर सरकले. मामा घरी होता. त्याने बंद खिडकीआड तिवई ठेवली आणि कॅमेऱ्याचे तोंड सिंधुदुर्ग किल्ल्याकडे केले. वीज दिसल्यावर बटण दाबून उपयोग नाही. तोवर ती गेलेली असते. म्हणून काळोखात कॅमेऱ्याचा पडदा दहा-पंधरा सेकंद उघडा ठेवायचा. त्या वेळात वीज चमकली, तर ती आपोआप फोटोत उमटते. मामाचे पुष्कळ फोटो काळे आले. एकात मात्र किल्ल्याचा तट काळा आणि मागे आभाळभर वीज! ज्या फोटोसाठी तो सड्यावर धावला, तो घरात बसून मिळाला.

ध्यानात ठेवा

१. गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात जा. होडी किनाऱ्याला लावा.

२. झाडाखाली उभे राहू नका. घरात नळाला आणि तारेला हात लावू नका.

३. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

४. आसरा नसेल, तर पाय जुळवून उकिडवे बसा. आडवे होऊ नका.

५. वीज पडलेल्या माणसाला हात लावायला भिऊ नका. त्याच्या अंगात वीज राहत नाही. १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल, तर छाती दाबत राहा.

६. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर घ्या. जवळपास वीज पडण्याची शक्यता असेल, तर ते सांगते.

सांगा पाहू

वीज चमकली. बारा सेकंदांनी आवाज आला. वीज किती लांब पडली? आणि तुम्ही काय कराल?