वालधुनी : नदी की नाला?

प्रश्न : कल्याण सोडून विठ्ठलवाडी यायच्या आत लोकलच्या दारातली माणसं नाकाला रुमाल लावतात. खाली काळंशार पाणी दिसतं. त्याला वालधुनी नदी म्हणतात, हे खरं का? आणि सुट्टीच्या दिवशी हातमोजे घालून तिथला कचरा काढणाऱ्यांच्या हाताला काही लागतं का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नदीच आहे हो ती. अंबरनाथजवळ काकोळ्याच्या बाजूच्या डोंगरात उगम, मग अंबरनाथ, उल्हासनगर आणि शेवटी कल्याणला उल्हास नदीच्या खाडीत. शके 982, म्हणजे इ.स. 1060 चा शिलालेख असलेलं अंबरनाथचं शिवमंदिर हिच्याच काठी आहे. शिलाहार राजांनी एवढं कोरीवकाम काही नाल्याकाठी केलं नसतं! पुढे इंग्रजी अमदानीत जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेनं काकोळ्याला धरण बांधून इथलं पाणी वाफेच्या इंजिनांना पाजलं. लोक त्याला अजून ‘जीआयपी टँक’च म्हणतात.

आता काळ्या रंगाचं. सांडपाणी जिरवताना जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवतात. तो संपला की प्राणवायूवाचून जगणारे जिवाणू कामाला लागतात आणि हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सडक्या अंड्यांचा तो वास याचाच. गाळातल्या लोहाशी त्याची गाठ पडली की गाळ काळा पडतो. म्हणजे खिशातला रुमाल काढायला लावतो तो मुख्यतः घराघरांतला मैला. रंग आणि रसायनं ही त्यावरची भर. उल्हासनगरात जीन्स धुण्याचे कारखाने जोरात होते, तेव्हा पाणी निळंही दिसे.

ही नदी अशी लवकर का मेली, आणि उल्हास का तगली? इथे एक गंमत आहे. मावळातल्या धरणाचं पाणी टाटांच्या भिवपुरीच्या वीजकेंद्रातून खाली उतरतं आणि उल्हासला मिळतं, त्यामुळे ती उन्हाळ्यातही वाहती राहते. वालधुनीला असा कुणी दाता नाही. पाऊस सरला की वरून येणारं पाणी आटतं आणि पात्रात उरतं ते शहरांनी सोडलेलं. पावसाळ्यात मात्र तीच नदी आपली जागा मागते. 26 जुलै 2005 ला कल्याणच्या वालधुनी भागानं ते अनुभवलं. मोठ्या पावसाची आणि भरतीची वेळ जुळली, की खाडी तिचं पाणी मागे रेटते.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. कचरा काढून पाणी स्वच्छ होत नाही. काढलेलं प्लास्टिक पुढच्या सरीबरोबर परत येतं. पण या श्रमदानाला मी फुकटचं म्हणणार नाही, कारण काठावर उतरणाऱ्या माणसाला कुठला पाइप कुठून येतो ते ठाऊक होतं, आणि पुढे तक्रार करायला, कोर्टात जायला तेच ज्ञान कामी येतं. ‘वनशक्ती’ ही संस्था उल्हास आणि वालधुनीचं गाऱ्हाणं घेऊन राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. 2015 मध्ये लवादानं इथल्या पालिका आणि औद्योगिक यंत्रणांना कोट्यवधींचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि त्या दणक्यानंतर उल्हासनगरातले जीन्सचे कारखाने बंद झाले. काही आसपासच्या गावांत सरकले, ही गोष्ट वेगळी आणि वाईट. त्याआधी नोव्हेंबर 2014 च्या अखेरीस टँकरमधून वालधुनीत ओतलेल्या रसायनाच्या वायूनं उल्हासनगरात शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. अशा टँकरची खबर काठावर राहणाऱ्यालाच आधी लागते.

माझं मत विचाराल, तर शिवमंदिराच्या वरचा भाग आधी राखावा. तिथे नदी अजून नदीसारखी वागते. ‘जलबिरादरी’ या नद्या वाचवू पाहणाऱ्या चळवळीच्या विचाराची स्थानिक मंडळी उगमाकडे लक्ष द्या म्हणून मागे लागली आहेत, ते मला पटतं. खालच्या भागात नाले अडवून मैला शुद्धीकरण केंद्रात नेणं, आणि शुद्ध झालेलं पाणी उन्हाळ्यात नदीतच सोडणं, याला पर्याय दिसत नाही. काठाला भिंती घालून वर बाकडी मांडणं हे त्याच्या आधी करू नये. भिंतीनं पात्र अरुंद होतं आणि पूर शेजारच्या वस्तीत शिरतो.

आंघोळीयोग्य पाण्याचा निकष ठाऊक असू द्या : विरघळलेला प्राणवायू लिटरला निदान 5 मिलिग्रॅम, बीओडी (घाण जिरवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) 3 मिलिग्रॅमच्या आत. ‘नदी सुधारली’ असं कुणी सांगितलं की हे दोन आकडे मागायचे, तेही मे महिन्यातले. पावसाळ्यातले आकडे कुणीही दाखवेल. आणि रात्री टँकर दिसला, तर जागा, वेळ, पाण्याचा रंग आणि फोटो एवढं टिपून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी द्या, पोचपावती घ्या. त्यांचं प्रादेशिक कार्यालय कल्याणातच आहे.