सुट्टी आपल्याला, प्रिंटरला नाही

सूनबाई, शटरची किल्ली तुझ्या हातात आली म्हणजे दुकानातले प्रिंटरही तुझ्याच अंगावर आले. कॉम्प्युटर तुला माझ्यापेक्षा जास्त कळतो, त्यात मी तोंड घालणार नाही. पण शाईचं मशीन बंद पडून राहणार असेल तेव्हा त्याचं काय करायचं, हे क्लासात शिकवत नाहीत. तेवढं माझ्याकडून ऐकून घे.

हैदराबादच्या जामबागेतला आपला धंदा शाळा-कॉलेजांच्या घड्याळावर चालतो. इथली विवेकवर्धिनी शाळा १९०७ पासूनची. प्रवेशाचे फॉर्म, दाखले, मुलांचे प्रोजेक्ट आणि गणपतीच्या वर्गणीची पावती-पुस्तकं यांवर आपलं वर्ष निघतं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात शाळा सुटतात, त्या जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उघडतात. मधले दीड महिने गल्ली ओस पडते, आपणही नांदेडला जाऊन राहतो. आणि नेमका याच दिवसांत हैदराबादचा पारा चाळिशी ओलांडतो. एक गोष्ट मनाशी पक्की धर: प्रिंटर छापून जेवढा बिघडत नाही, तेवढा बसून बिघडतो.

कारण साधं आहे. हेडची, म्हणजे शाई फवारणाऱ्या भागाची, छिद्रं केसाहून बारीक असतात आणि शाईत मुख्यतः पाणी असतं. छिद्राच्या तोंडाशी थांबलेल्या शाईतलं पाणी उडालं की मागे रंगाचा चिकटा उरतो, तोच बूच होऊन बसतो. आपण जे काही करतो ते एवढ्याचसाठी, की छिद्राच्या तोंडाशी कोरडी हवा पोचू नये.

म्हणून पहिला मंत्र बटणाचा. घरी निघताना बोर्डाचं मेन स्विच खाली ओढायची दुकानदारांना सवय असते. प्रिंटरच्या बाबतीत ती मोडायची. आधी प्रिंटरच्या बटणानेच तो बंद कर. हेड सरकत उजव्या कडेला जातं आणि तिथल्या रबराच्या टोपीवर बसतं, त्याचा आवाज ऐक. दिवा विझला की मगच मेन बंद. मध्येच वीज तोडलीस तर हेड अर्ध्या वाटेत उघडं राहतं, आणि मे महिन्यात उघडं राहिलेलं हेड वाळायला फार दिवस लागत नाहीत. छापता छापता लाइट गेली, तर ती परत आल्यावर मशीन एकदा चालू करून बटणाने रीतसर बंद करायचं.

दुसरा मंत्र पानाचा. आठवड्याला एक रंगीत पान छाप. कंपनीवाले महिन्याला तरी छापा म्हणतात, पण आपल्या उन्हाळ्यात आठवड्याचा हिशेब धरावा. गिऱ्हाईक बहुतेक काळंच छापून नेतं, त्यामुळे निळा, गुलाबी, पिवळा हे रंग दुकान चालू असतानाही उपाशी असतात. पानावर चार रंगांचे चार जाड पट्टे ठेव आणि खाली काळ्यात चार-पाच ओळी मराठी. मराठीच का? तर काळ्याचं एखादं छिद्र बंद असलं की कागदावर आडवी पांढरी रेघ उमटते, आणि ती पहिल्यांदा शिरोरेषेवर दिसते. ‘नमस्कार’ची वरची रेघ मध्येच पातळ झाली किंवा डोकंच उडालं, की समजायचं. इंग्रजी अक्षराला वर सलग रेघ नसते, तिथे हेच नजरेतून सुटतं. आपण गावाला असताना शेजारच्या दुकानातल्या पोराकडे किल्ली देऊन हे पान काढून घ्यायचं. चहाचे पैसे आधीच द्यायचे.

तिसरा, जागेचा. शटरबंद दुकान दुपारी बाहेरच्यापेक्षा जास्त तापतं. एप्सनच्या पुस्तिकेत शाईला चाळीस अंशांची मर्यादा दिली आहे, तीही महिनाभरापुरती. तेव्हा कुणी पान काढणारं नसेल तर मशीन घरी आण. माळ्यावर, स्लॅबच्या पोटाला चिकटून ठेवायचं नाही. खालच्या खोलीत, सपाट जागी, उन्हाची तिरीप येणार नाही अशा कोपऱ्यात ठेव. कूलरच्या समोर नको, एसीच्या झोतातही नको. वर सुती चादर घाल, मागचा कागदाचा ट्रे बंद कर. उघडा राहिला तर पाल आत शिरते. आणि बुटांच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी प्रिंटरच्या पिशवीत टाकू नकोस. ती ओल शोषते, म्हणजे आपण जे टाळतोय नेमकं तेच करते. ती पुडी कागदाच्या रिमांना पावसाळ्यात ठेव, तिथे तिचा उपयोग आहे.

नेता-आणताना मशीन तिरकं करायचं नाही. रिक्षात मांडीवर सपाट धर, टाक्यांची बुचं घट्ट बसलीत ना ते निघायच्या आधी पाहा. एप्सनच्या एल२१० सारख्या जुन्या मशीनच्या टाकीपाशी एक फिरवायची खुंटी असते. हलवताना ती बंदवर आणि छापायच्या आधी परत चालूवर.

बाहेरून टाकी लावून घेतलेलं जे जुनं मशीन आहे, त्याचे नखरे निराळे. टाकी प्रिंटर ज्या टेबलावर आहे त्याच पातळीला हवी. उंच ठेवलीस तर शाई उतरून हेडमधून गळते, खाली ठेवलीस तर नळ्यांतली शाई मागे जाऊन हवा शिरते. प्रत्येक रंगाला दोन भोकं असतात: शाई भरायचं मोठं आणि हवेचं छोटं. छापताना मोठं बंद, छोटं उघडं. ठेवून देताना दोन्ही बंद. टाकी खालच्या खुणेपर्यंत आलेली असेल तर आधी भरून घे. तळाला गेलेली शाई म्हणजे नळीत हवा.

सुईने भरायच्या छोट्या कार्ट्रिजना हेड त्यांच्या अंगावरच असतं. ती काढून ठेवायची तर मूळ क्लिप लावून, छिद्रं खाली करून, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव. डब्याच्या कोपऱ्यात ओला कापूस असू दे, पण तो छिद्रांना लागता कामा नये. चिकटपट्टी लावू नकोस. पट्टीखाली रंग एकमेकांत ओढले जातात आणि पिवळ्याचा हिरवा होतो.

सुट्या बाटल्या सीलबंद असतील तितक्या बऱ्या. फोडली की सहा महिन्यांत संपव आणि फोडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिही. एका कंपनीच्या शाईत दुसरीची ओतायची नाही, स्वस्त पडली तरी. काही मशीनांचा काळा पिगमेंटचा असतो आणि बाकीचे रंग विरघळणारे, त्यांची सरमिसळ झाली तर गुठळ्या होतात. टाकी रिकामी करून मशीन ठेवायची बुद्धी कुणी दिली तर ऐकू नकोस. नळ्यांत आणि हेडात उरलेला थर आधी वाळतो. सहा महिन्यांहून जास्त ठेवायचं असेल, तर बाहेरच्या टाकीचं मशीन जाणत्या मेकॅनिककडून क्लीनिंगच्या द्रावाने धुऊन घ्यावं.

आता जूनची गोष्ट. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी नाही, चार दिवस आधी दुकान उघड. बाहेरच्या टाकीच्या मशीनच्या हवेच्या भोकाचं बूच आधी काढ. ते विसरलं तर पाच-दहा पानं छान येतात आणि मग रंग फिकट होत जातो; लोक हेड गेलं म्हणून मेकॅनिक बोलावतात, आणि तो बूच काढून पैसे घेऊन जातो. मग नोझल चेक, म्हणजे छिद्रं तपासायचं पान, काढ. रेघा तुटल्या असतील तर एकदा हेड क्लीनिंग, पुन्हा चेक. असं तीनदा. तरी नाही सुटलं तर बटणाने बंद करून बारा तास हात लावायचा नाही. वाळलेला चिकटा ताज्या शाईत भिजू दे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पॉवर क्लीनिंग अगदी शेवटी, आणि टाक्या निदान एक तृतीयांश भरलेल्या असतील तरच.

क्लीनिंगचं बटण दाबत सुटायचं नाही. दरवेळी शाई खर्च होते आणि ती सगळी मशीनच्या पोटातल्या पॅडमध्ये मुरते. पॅड भरला असं मशीनच्या हिशेबात आलं की ते अडून बसतं, ऐन प्रवेशाच्या रांगेत. टाचणी, नेलपॉलिश रिमूव्हर, उकळतं पाणी, यातलं काहीही हेडजवळ न्यायचं नाही. रबराची टोपी पुसायचीच असेल तर सूत न सुटणाऱ्या फडक्याला बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी लाव. बोअरचं नको, त्यातला क्षार मागे राहतो.

एवढं केलंस तर जूनमध्ये पहिला फॉर्म घेऊन येणारं पोर परत जाणार नाही. आपल्याला त्या प्रवेशाच्या दिवसांतच दीड महिन्याचं भाडं काढायचं असतं.