बूट एक, पाय तीस

लेकीच्या पाचव्या वाढदिवसाला ‘सिंड्रेला’ ठरली ती तिच्याच हट्टाने. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये पंधरा मुलं जमली, त्यातल्या आठ सिंड्रेला. मुलग्यांना गोष्टीत कामच नव्हतं, त्यामुळे ते सोफ्यावरून उड्या मारत राहिले. खेळ घेणाऱ्या ताईंनी चमचमता बूट काढला. ज्याच्या पायात बसेल, तो जिंकला! तो एकीला बसला आणि बाकीच्यांनी भोकाड पसरलं.

परीकथेत भाग्य एकाच्याच वाट्याला येतं. वाढदिवसाला प्रत्येक पोराच्या वाट्याला काहीतरी यावं लागतं. म्हणून एकटी नायिका नको. उंदीर, घोडे, गाडीवान, परी यांचे पुठ्ठ्याचे कान आणि मुकुट दाराशी ठेवा, ज्याला जे हवं ते त्याने उचलावं. आमच्याकडे भोपळा बघून एकाने “म्हातारी कुठंय?” विचारलं. तिलाही खुशाल गाडीत बसवा. बुटाचा खेळ उलटा करा: सगळ्यांचा एकेक बूट ढिगात टाकायचा, ज्याने त्याने आपला शोधायचा. ताईंनी मग हाच खेळ घेतला, तेव्हा कुठे रडारड थांबली.

गोष्ट कोणती सांगणार, हेही आधी विचारून घ्या. पेरोच्या १६९७च्या कथेत भोपळ्याची गाडी, काचेचा बूट आणि शेवटी बहिणींना माफी आहे. ग्रिम बंधूंच्या कथेत मात्र बूट बसावा म्हणून एक बहीण पायाचं बोट कापते, दुसरी टाच. आमच्याकडे ही दुसरीच सुरू झाली आणि रक्ताचं नाव निघताच एक छोटी आईच्या कुशीत शिरली.

सगळ्यात जपायचं ते केक कापताना. परीचे जाळीदार फ्रॉक बहुधा सिंथेटिक असतात आणि चटकन पेट घेतात. नेमका त्यांचाच घोळका मेणबत्तीभोवती होतो. मुलांना हातभर मागे ठेवा. फेसाचा स्प्रे आणूच नका, अशा बऱ्याच डब्यांतला वायू ज्वलनशील असतो. उडते फुगे हवे असतील तर डेकोरेटरला सिलिंडरमध्ये काय आहे ते स्पष्ट विचारा. हेलियम महाग पडतो म्हणून काही जण हायड्रोजन भरतात, आणि तो ठिणगीनेही भडकतो. उत्तर गुळमुळीत आलं, तर पंपाने हवा भरलेले फुगे बरे. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला. ते तोंडात गेले तर घशात अडकतात. द्राक्षंही उभी चिरूनच द्या. शेंगदाणे, अंडं, दूध कोणाला चालत नाही, हे आमंत्रण देतानाच आयांना विचारा.

या वयाला दीड तास पुष्कळ झाला. निमंत्रणात संपण्याची वेळ लिहा आणि ती झाली की बाराचे टोल वाजवा. “चला, घरी” म्हटलं की मुलं रुसतात. टोल ऐकून मात्र गोष्टीतल्यासारखी धावत सुटतात.