रात्रीच्या डाइव्हसाठी मार्कर दिवा कोणता?

प्रश्न : मी मीरा रोडला राहतो. तारकर्लीला स्कूबा शिकलो, आता अंदमानात पहिली रात्रीची डाइव्ह करायची आहे. सिलिंडरवरचा मार्कर दिवा रासायनिक कांडीचा घ्यावा की बॅटरीचा? आधी उत्तनच्या समुद्रात वापरून पाहू का?

उत्तर : बॅटरीवरचा एलईडी घ्या. कांडी स्वस्त पडते, पण एकदाच चालते; नंतर उरतो तो प्लास्टिकचा कचरा, आणि तो आपल्या किनाऱ्यांवर आधीच पुष्कळ आहे.

पाण्यात लाल रंग सर्वांत आधी शोषला जातो, म्हणून हिरवा किंवा निळा बरा. गटात प्रत्येकाचा रंग वेगळा ठेवतात का, हे खरेदीपूर्वी प्रशिक्षकाला विचारा. दिवा स्थिर जळणारा हवा. लुकलुकणारा प्रखर दिवा सोबत्यांना त्रास देतो आणि पुष्कळदा संकटाचा इशारा समजला जातो. मार्कर सिलिंडरच्या व्हॉल्व्हजवळ बांधा, म्हणजे मागच्याला आणि वरच्याला दिसाल. हौशी डायव्हिंगची मर्यादा 40 मीटर. दिव्याची क्षमता त्याहून जास्त असावी. ओ-रिंगवर वाळूचा एक कण राहिला तरी पाणी शिरते, तेव्हा ती दरवेळी पुसा. मार्कर हा टॉर्चला पर्याय नाही. मुख्य आणि राखीव असे दोन टॉर्च हवेतच. विमानात सुटे लिथियम सेल हातातल्या बॅगेत ठेवा.

उत्तनला मात्र उतरू नका. तिथले पाणी गढूळ, शिवाय मच्छीमारांची जाळी आणि बोटींची ये-जा. दिव्याची ढोबळ गळती घरच्या बादलीतही कळेल. बाकीचा सराव प्रशिक्षकासोबत तरणतलावात करा.