अर्ज मुलाने भरावा, सही पालकांनी करावी

दहावीचं वर्ष आलं की कोल्हापुरातल्या कितीतरी घरांत मुलाच्या हातातलं एकेक काम काढून घेतलं जातं. क्लासला सोडणं-आणणं, वेळापत्रक लावणं, सरांशी बोलणं, अर्ज भरणं, सगळं आईवडील करतात. ‘तू फक्त अभ्यास कर’ हे प्रेमानेच म्हटलेलं असतं. पण बारावीनंतर तोच मुलगा पुण्याला होस्टेलवर जातो, तेव्हा महिन्याचे पैसे पुरवायचे कसे, अंगात ताप असताना डॉक्टर गाठायचा कसा, पेपर वाईट गेला तर बोलायचं कुणाशी, हे त्याला एकदम पहिल्यांदाच करावं लागतं. कायदा अठराव्या वर्षी मत, करार आणि गिअरच्या गाडीचं लायसन्स एकाच दिवशी हातात देतो. पुढचा विचार करून स्वतःला आवरणारा मेंदूचा भाग मात्र पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो, आणि तो घडायला सराव लागतो. म्हणून माझं सांगणं असं, की आठवी ते बारावी ही जबाबदारी काढून घेण्याची नव्हे, थोडी थोडी सोपवत जाण्याची वर्षं आहेत.

हे या गावाला नवं नाही. शाहू महाराजांच्या प्रेरणेने १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहिलं आणि पुढे इतर समाजांची वसतिगृहं झाली. घर सोडून आलेली खेड्यातली मुलं तिथे राहून शिकली. कुंभोजचे भाऊराव पाटील याच कोल्हापुरात वसतिगृहात राहून राजाराम हायस्कूलला गेले. त्यांनी साताऱ्यात १९२४ मध्ये जे बोर्डिंग काढलं, तिथे स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामं मुलंच करत. शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनीही ‘कमवा आणि शिका’ योजना विद्यापीठात रुजवली. खर्च भागवण्याची सोय तर यात होतीच, पण हाताने काम करणं हा शिक्षणाचाच भाग आहे, अशी या माणसांची धारणा होती. आजही गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत गावाकडून आलेली पोरं स्वतःचं जेवण, कपडे, सराव सांभाळतात. वस्ताद डाव शिकवतो, पण आखाड्यात उतरत नाही.

यावर कुणी म्हणेल, ती मुलं गरजेपोटी राबली, त्याचं कौतुक कशाला? आक्षेप खरा आहे. ऊसतोडीच्या फडात राबून ज्याची शाळा बुडते, त्याच्यावर ओझं लादलेलं असतं, त्याला शिक्षण म्हणू नये. मी म्हणते ती जबाबदारी पेलेल एवढीच असते, आणि चूक झाली तर सावरायला घर मागे उभं असतं. आपल्याकडे ती वाटतानाही भेद होतो, याचं मला फार वाईट वाटतं. मुलीला भाकरी थापायला शिकवतात पण पैशाचा हिशेब आणि निर्णय देत नाहीत, मुलाला पैसे देतात आणि भाकरीपासून लांब ठेवतात. दोघंही अर्धीच तयार होतात.

दुसरी भीती गुणांची. स्वतःचं वेळापत्रक मुलाने केलं आणि घटक चाचणीत मार्क पडले तर? पडू द्यावेत, पण नववीत. नववीचे गुण दहावीच्या गुणपत्रिकेत येत नाहीत, तेव्हा चुकायला ते वर्ष सर्वांत स्वस्त. कुठला विषय मागे राहतोय, रात्री किती वाजता थांबायचं, हे ज्याने एकदा चुकून ठरवलंय, त्याच्या मागे दहावीत लागावं लागत नाही. झोपेवर मात्र तडजोड नको. या वयाला आठ ते दहा तास लागतात. पहाटे उठवून, रात्री जागवून मिळालेले तास पाठांतरात टिकत नाहीत.

सुरुवात साध्या गोष्टींनी होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार दहा वर्षांवरील मुलांना स्वतःचं बचत खातं चालवायला देता येतं. त्यात महिन्याची ठरलेली रक्कम टाकावी आणि वह्या, बसभाडं, खाऊ त्यातूनच भागवायला सांगावं. मधेच संपली तर लगेच भर घालू नये. अकरावीचा प्रवेश अर्ज, माहितीपुस्तिका वाचून, मुलाने भरावा. आपण तपासून सही करावी.

गाडीची किल्ली मात्र यात येत नाही. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं, आणि घरोघरी असलेल्या स्कूटर बहुतेक त्याच्या दुप्पट ताकदीच्या. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. क्लासला उशीर होतो म्हणून किल्ली मागितली तर घरातून दहा मिनिटं आधी निघायला सांगावं. के.एम.टी.ची बस आहे, सायकल आहे.