सौर विजेनें स्नानाचें पाणी तापविणें

हिंवाळ्यांत खेड्यांतील घरोघरीं पहाटे बंब पेटतो व त्यांत लांकूड, पऱ्हाट्या आणि गोवऱ्या जळतात. जी गोवरी जळाली तिचें शेण शेताच्या खतास मुकलें. म्हणून ज्यांच्या छपरावर सौर विजेचीं पॅनेलें आहेत अशा शेतकरी बंधूंच्या मनांत, ह्याच विजेवर पाणी तापवावें, असें येणें साहजिक आहे. परंतु पैसा खर्चण्यापूर्वीं हिशेब करावा हें बरें.

एक लिटर पाण्याचें उष्णतामान एक अंश सेंटिग्रेडनें वाढविण्यास सुमारें १.१६ वॉट-तास वीज लागते. पांच माणसांच्या कुटुंबास दर माणशीं २० लिटरची एक बादली धरल्यास १०० लिटर पाणी झालें. तें २० अंशांवरून ४० अंशांवर नेण्यास सुमारें २.३ युनिट वीज पाहिजे. रात्रभरांत टांकीची कांहीं उष्णता निघून जाते, ती धरून ३ युनिट समजावें. महाराष्ट्रांत एक किलोवॉटचीं पॅनेलें निरभ्र दिवशीं सुमारें ४ युनिट देतात व त्यांस सुमारें ५ चौरस मीटर जागा लागते. हेंच काम २ चौरस मीटरचा सौर बंब करतो. कारण पॅनेलावर पडलेल्या उन्हाच्या सुमारें पंचमांशाचीच वीज होते, तर सौर बंब सुमारें निम्मी उष्णता सरळ पाण्यास पोंचवितो.

तेव्हां केवळ स्नानाच्या पाण्यासाठीं नवीन पॅनेलें घेऊं नयेत. मात्र असलेल्या पॅनेलांची दुपारची वीज शिल्लक पडत असेल, तर ती पाण्यांत सांठविणें शहाणपणाचें होय. सूर्य दुपारीं तापतो आणि स्नान पहाटे होतें. म्हणून जाड आवरणाचा ५० लिटरचा गीझर घेऊन दुपारीं पाणी ६० अंशांपर्यंत तापवावें. सकाळीं त्यांत तितकेंच थंड पाणी मिसळलें कीं १०० लिटर ऊन पाणी होतें. एक किलोवॉटच्या पॅनेलांवर २,००० वॉटचा गीझर लावल्यास उरलेली वीज तारेवरून विकतचीच येते. यास्तव कमी वॉटचा गीझर पाहावा.

आतां एक महत्त्वाची सूचना. इन्व्हर्टर वगळून पॅनेलांच्या तारा सरळ बाजारी गीझरला जोडण्याचा स्वस्त उपाय कदापि करूं नये. गीझरचा थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापतांच वीज तोडणारी कळ, घरांतील दिशा बदलणाऱ्या प्रवाहासाठीं केलेला असतो. तो प्रवाह सेकंदांत १०० वेळां शून्यावर येतो, त्यामुळें कळ उघडतांना उडणारी ठिणगी आपोआप विझते. पॅनेलाचा प्रवाह एकाच दिशेनें अखंड वाहतो. त्यांत ठिणगी टिकून राहते, कळीचीं टोकें वितळून चिकटतात, पाणी उकळूं लागतें, आणि दाब सोडणारी झडप बिघडलेली असल्यास टांकी फुटण्याचा संभव असतो.

सारांश, नव्यानें खर्च करणाऱ्यानें सौर बंब घ्यावा. पॅनेलें असणाऱ्यानें शिल्लक वीज इन्व्हर्टरमधून गीझरला द्यावी. दोन्हीं रीतींनीं बंबांतील गोवरी वांचेल व तिचें शेण शेतास मिळेल.